अस्वलानं नेलेलं जाकीट

सिंदेवाहीच्या बाजारात कोणालाही विचारा, गुणवंतराव भाऊंनी किती निवडणुका लढवल्या? तो बोटं मोजणार नाही, अस्वलं मोजेल. नव्वद साली भाषणात एक अस्वल, भाऊ निवडून आले. पंच्याण्णवला तेच अस्वल, पण अंगानं दुप्पट झालेलं, भाऊ पुन्हा निवडून आले. नव्व्याण्णवला समोरच्या उमेदवारानं वाघ काढला, भाऊ पडले. दोन हजार चारला अस्वलासोबत दोन पिल्लं आली, भाऊ तिसऱ्यांदा आमदार. नऊ साली मतदारसंघाची कापाकापी झाली, अर्धं जंगल तिकडच्या हद्दीत गेलं, त्यात अस्वलही गेलं असावं, भाऊ पडले. चौदाला दोघंही परत आले. आणि एकोणीसपर्यंत लोकांच्या हातात मोबाईल आले होते. खऱ्या अस्वलांचे इतके व्हिडिओ लोक बघून बसले होते, की भाऊंच्या अस्वलाला कोणी बिडीसुद्धा विचारेना. डिपॉझिट गेलं.

हे अस्वल पाळलं होतं जलालुद्दीननं.

जलालुद्दीन म्हणजे ‘सईदा साउंड सर्व्हिस’. दुकानाला नाव बायकोचं, आवाज त्याचा. रिक्षावर दोन भोंगे बांधून त्यानं भाऊंच्या सातही निवडणुका गावोगाव फिरवल्या. त्याचा आवाज असा, की तो धान संशोधन केंद्रावरून घोषणा देत गेला तर पोत्यातलं बियाणं पेरायच्या आधीच मोड काढतं, असं तो स्वतःच सांगायचा. आणि सांगून झाल्यावर इतक्या साध्या चेहऱ्यानं सुपारी कातरायचा, की केंद्रातले शिपाईसुद्धा एकदा पोती उघडून बघून आले होते.

पण या जलालुद्दीनचं एक होतं. मतदारसंघात तीनशेवर गावं. त्यातल्या एका गावाचं नाव निघालं की त्याला ताप यायचा. कुरमाटोला. नदीपलीकडे, जंगलाच्या पोटात. प्रचाराची गाडी तिकडे निघायची त्या दिवशी जलालुद्दीन नेमका गोंडपिपरीला सासुरवाडीत निघालेला असायचा. सासू वारून अठरा वर्षं झाली तरी तिची तब्येत दर पाच वर्षांनी बिघडायची.

आणि याच कुरमाटोल्याचा भाऊंना भारी अभिमान. भाऊ जिंकोत की पडोत, कुरमाटोल्याच्या मतदान केंद्रावर जेवढी मतं पडत, तेवढी सगळी भाऊंचीच. नव्वदला एकशे अठरापैकी एकशे अठरा. एकोणीसला, डिपॉझिट गेलं तेव्हाही, एकशे पंचेचाळीसपैकी एकशे पंचेचाळीस. भाऊ भाषणात सांगायचे, “माय सोडून देईन, कुरमाटोला सोडणार नाई!” लोक टाळ्या वाजवायचे आणि जलालुद्दीन भोंग्याची वायर उगाच तपासत बसायचा.

चोवीसच्या नोव्हेंबरात भाऊ आठव्यांदा उभे राहिले. वय अठ्ठ्याहत्तर. वरच्यांनी तिकीट नाकारलं म्हणून अपक्ष. जीप भाड्याची, कार्यकर्ता म्हणाल तर ड्रायव्हर बिरजू आणि बहात्तर वर्षांचा जलालुद्दीन. सकाळी सकाळी भाऊ दुकानाच्या पायरीवर येऊन बसले.

“जलाल, नारळ कुरमाटोल्यात फोडू.”

जलालुद्दीनच्या हातातला माईक घसरला. “भाऊ, सासू…”

“तुही सासू मेली. म्या खांदा देल्ता.”

“तब्येत म्हनतो मी, माही.”

“आयुष्यभर त्या गावात पाय नाई ठेवला मी. आता शेवटची खेप हाये. ज्याईनं कधी सोडलं नाई त्याईले तोंड त दाखवू. चल.”

भाऊ आत पाणी प्यायला गेले तशी सईदाबी पडद्याआडून पुढे झाली. तिला सगळं माहीत होतं. नवऱ्यानं लग्नानंतर खरं सांगितलेली ती एकच गोष्ट.

“साऱ्या जिल्ह्याले सांगत फिरले,” ती म्हणाली, “एका गावाले सांगाचं राह्यलं. जा अन् सांगून या.”

“काय तोंडानं सांगू?”

“ज्या तोंडानं अस्वल सांगितलं त्याच तोंडानं.”

आता ती गोष्ट काय होती, ते इथेच सांगून टाकलेलं बरं.

नव्वद साली, फेब्रुवारीत, भाऊ पहिल्यांदा उभे होते. प्रचाराचा नियम असा, की गावात गेलं तर जेवल्याशिवाय उठायचं नाही. ताट नाकारलं की मत गेलं. त्या दिवशी पाच गावांत पाच पंगती झाल्या. पाचही ठिकाणी भात, वरण आणि वांग्याची भाजी. सहावं गाव कुरमाटोला. नदीला पाणी गुडघाभरच होतं, पण भाऊंना वाकून धोतरसुद्धा खोचता येईना. ते काठावरच्या अर्जुनाच्या झाडाखाली आडवे झाले आणि पोटावर हात ठेवून म्हणाले, “जलाल, तूच जाऊन ये. सांग, भाऊ येऊन राह्यले मागून. अन् गार वारा हाये, माहं जाकीट घालून जा.”

जाकीट नवंकोरं, मोतिया रंगाच्या खादीचं, नागपुरात शिवलेलं. जलालुद्दीन तेव्हा अडतीस वर्षांचा, उंचापुरा. ते जाकीट घालून तो पाण्यातून पलीकडे निघाला आणि पलीकडून ढोल वाजू लागले. बायका लोटे घेऊन उभ्या. गावचा पाटील पत्रू स्वतः पुढे आला, “जोहार साहेब” म्हणाला, आणि जलालुद्दीननं तोंड उघडायच्या आत त्याचे दोन्ही पाय पितळेच्या परातीत होते. पत्रूची बायको सोमारी पाणी ओतत होती, पत्रू पाय चोळत होता.

त्या वेळी सांगता आलं असतं. “अगा थांब, मी भोंगेवाला हाये,” एवढंच तर म्हणायचं होतं. पण परातीत उभ्या असलेल्या माणसाला मागे सरकता येत नाही. आणि खरं सांगायचं तर, भोंगेवाल्याचे पाय आजवर कोणी धुतले नव्हते. गार पाणी होतं. बरं वाटत होतं.

मग त्याला बोलायला सांगितलं, आणि जलालुद्दीन बोलू लागला की जीभ पुढे आणि तो मागे. पावसाळ्यात चार महिने गाव तुटतं, हे ऐकल्याबरोबर त्यानं पूल बांधला. आधी लाकडाचा, मग भाषणाच्या ओघात सिमेंटचा, शेवटी दोन्ही बाजूंना लाइटचे खांब. आणि टाळ्या कमी पडल्या म्हणून अंगातलं जाकीट काढून पत्रूच्या हातात ठेवलं.

“हे ठेवा गावात. पूल झाला की त्याच्यावरून चालत येईन अन् घेऊन जाईन.”

पत्रूनं जाकीट दोन्ही हातांत धरलं. गावकऱ्यांशी गोंडीत बराच वेळ बोलला. मग म्हणाला, “ठरलं. जाकीट गावात हाये तोवर गावाचं मत तुमचं.”

जलालुद्दीनला वाटलं, हेही भाषणच. त्याच्या जगात लोक तसंच बोलायचे.

परत आला तेव्हा झाडाखालून भाऊंनी विचारलं, “जाकीट कुठी हाये बे?”

“अस्वलानं नेलं.”

हे त्यानं ठरवलं नव्हतं. जिभेवर बसलेलंच होतं. भाऊ पोट धरून हसले. दुसऱ्या दिवशी सिंदेवाहीच्या सभेत त्यांनी तीच गोष्ट सांगितली, फक्त आता अस्वल भाऊंच्या अंगावर आलं होतं आणि भाऊंनी जाकीट त्याच्या तोंडावर फेकलं होतं. पाच वर्षांत फेकाफेकीची झटापट झाली. पोटरीवर मोटारसायकलच्या सायलेन्सरचा जुना चटका होता, त्याचे पंजाचे ओरखडे झाले. गुणवंतराव पहिली निवडणूक चौऱ्याण्णव मतांनी जिंकले. कुरमाटोल्याची होती एकशे अठरा. हा हिशेब जलालुद्दीननं निकालाच्या दिवशीच केला आणि त्या दिवसापासून त्याची सासू आजारी पडू लागली.

तर चौतीस वर्षांनी जीप नदीकाठी थांबली. जलालुद्दीननं वाटेत तीनदा तोंड उघडलं होतं आणि तीनदा सुपारी टाकून बंद केलं होतं. खिशात उमेदवारांची यादी होती. त्यात खालून दुसरं नाव होतं: प्रिया, अपक्ष, मुक्काम कुरमाटोला. भाऊंनी यादी वाचलीच नव्हती. जलालुद्दीनला तेवढाच आधार वाटत होता. गावची पोरगी उभी आहे, म्हणजे गाव जुनं विसरलं असेल. जाकीट कोणी गोधडीत घातलं असेल. पत्रू असेल नसेल.

नदीवर ओंडके आणि बांबू टाकून वाट केलेली होती. खाली दगडांचे ढीग, वर बांबूची ताटी, बाजूला धरायला दोर. बांबू अजून हिरवे होते.

“हे काय लफडं बांधून ठेवलं बे?” भाऊ म्हणाले. “पडलो त मतदानाआधीच निकाल लागन.”

“धरून चला भाऊ,” बिरजू म्हणाला.

जलालुद्दीन खाली मान घालून चालत होता. त्यामुळे ओंडक्यांवर चढायला पायरी म्हणून टाकलेली चपटी फरशी त्यालाच दिसली. तिच्यावर अक्षरं होती. ‘भूमिपूजन’, आणि खाली ‘मा. आमदार गुणवंत’, पुढचं झिजलेलं. सत्त्याण्णवच्या पावसाळ्यात भाऊंनी अलीकडच्या काठावर नारळ फोडून बसवलेली ती फरशी. नंतरच्या पुरात काठच गेला होता. भाऊंनी आपल्या नावावर पाय दिला, दम खाल्ला, आणि वर चढले. मधे पोट असल्यामुळे त्यांना खालचं काही दिसत नसे.

पलीकडे ढोल वाजला. एकच होता, पण वाजला. बायका लोटे घेऊन उभ्या होत्या. आणि मधे काठी टेकत पंच्याहत्तरीचा पत्रू, एका डोळ्यात मोतीबिंदू, डोक्याला पंचा. भाऊंनी हात जोडले, छाती काढली, तोंडावर सभेचं हसू आणलं.

पत्रू त्यांच्या बाजूनं सरळ पुढे गेला आणि जलालुद्दीनसमोर वाकला.

“जोहार साहेब. लय वाट पाह्यली.”

मग त्यानं मागे वळून भाऊंकडे पाहिलं. “तुमी भोंगेवाले भाऊ ना? बसा बसा. साहेबाईचं झालं का तुमालेबी पानी देतो.”

बिरजूनं तोंडावर रुमाल धरला. भाऊंचं हसू तोंडावर तसंच राहिलं, जसं सभा संपल्यावर कनात राहते.

“जलाल,” ते हळूच म्हणाले, “म्हातारा सटकला वाटते.”

पितळेची परात आली. तीच होती, काठाला पडलेला पोचा जलालुद्दीनला ओळखता आला. सोमारी आता पार वाकलेली, दोन्ही हातांनी लोटा धरून उभी. जलालुद्दीननं पाय मागे घेतला.

“पाय नका धुवू.”

ढोल थांबला. पत्रूचा चेहरा असा उतरला, की जलालुद्दीनला वाटलं याला सगळं कळलेलंच आहे. आणि पत्रू म्हणालाही, “कळलं म्हनजे तुमाले.”

“काय?”

“खिशाचं.”

“कोन्ता खिसा?”

पत्रूनं सोमारीकडे पाहिलं. ती खाली मान घालून आत गेली आणि लुगड्यात बांधलेलं गाठोडं घेऊन आली. धान ठेवायच्या बांबूच्या ढोलीत, कडुनिंबाच्या पाल्यात ते चौतीस वर्षं ठेवलेलं होतं. तिनं गाठ सोडली. मोतिया रंगाचं जाकीट. घडीवर घडी, बटणं सगळी जागेवर. फक्त डाव्या बाजूचा खिसा नव्हता. तिथे बारीक टाक्यांनी रफू केलेलं होतं, जुन्या पांढऱ्या धाग्यानं.

“तेरा साली ढोली गळली,” पत्रू सांगू लागला. त्याचा आवाज गुन्हा कबूल करणाऱ्याचा होता. “उधळी लागली, तुमी वाळवी म्हन्ता ते. इनं रातदिस टाके घातले, पन खिसा नाई वाचला. तुमचा सामान गावानं खराब केला साहेब. गाव म्हनते, म्हनूनच पक्का पूल नाई झाला. साहेबाईले कळलं असन, राग आला असन, म्हनून येत नाईत. सत्त्यान्नवाले तुमी पल्याड येऊन नारळ फोडून गेले, आमी इकडून हात केले, तवा त राग नव्हता. मंग उधळीचंच असन.”

सोमारी पदर तोंडाला लावून उभी होती. सगळं गाव खाली बघत होतं. पोरंबाळं, बाया, माणसं. एका खिशासाठी शरमून.

आयुष्यात जलालुद्दीन पुष्कळ खोटं बोलला होता आणि त्याचं त्याला कधी ओझं वाटलं नव्हतं. खोट्यानं कोणाचं काय जातं, लोक हसतात, घरी जातात, असा त्याचा समज. हे लोक घरी गेलेच नव्हते. चौतीस वर्षं ते त्या एका संध्याकाळीच बसून होते.

“हे…” भाऊ पुढे आले. त्यांनी जाकिटाला हात लावला. “हे त अस्वलानं नेलं होतं.”

त्यांच्या डोळ्यांत खरोखरचा गोंधळ होता. हात आपोआप पोटरीकडे गेला होता. जलालुद्दीननं पाहिलं आणि त्याला कळलं, की भाऊ इतकी वर्षं खोटं बोलत नव्हते. त्यांना ते अस्वल आठवत होतं.

“अस्वल नव्हतं, भाऊ,” तो म्हणाला. मग पत्रूकडे वळला. भोंगा जीपमध्येच राहिला होता, आणि त्याचा आवाज त्याच्याशिवाय फार बारीक निघाला. “पत्रूभाऊ, मी साहेब नाई. साहेब हे. मी जलाल. भोंगेवाला.”

कोणीतरी हसलं. मग दोनचार जण हसले.

“साहेब मस्करी करून राह्यले,” पत्रू म्हणाला, त्याच्याही तोंडावर सुटका झाल्यासारखं हसू आलं. “तवाबी लय हसवलं होतं.”

“मस्करी नाई. खुदाकसम. त्या दिवशी हे झाडाखाली पडले होते. वांग्याची भाजी जास्त झाल्ती. मी याईचं जाकीट घालून आलो. तुमी पाय धुतले अन् मले… मले सांगाव नाई वाटलं.”

शेवटचं वाक्य त्यानं जमिनीकडे बघून म्हटलं.

गर्दीतून एक सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलगी पुढे आली. सुती साडी, पायात स्पोर्टचे बूट. पत्रूची नात, गावाच्या ग्रामसभेचा बांबूचा लिलाव सांभाळणारी प्रिया.

“आजा, मी सांगून राह्यली होती ना तुले? मशिनीवर फोटो हाये तो मानूस दुसरा हाये.”

“फोटोत मानूस कवा खरा दिसते?” पत्रू म्हणाला. पण त्याचं हसू गेलं होतं. तो बराच वेळ जलालुद्दीनकडे एका डोळ्यानं बघत राहिला. मग त्यानं विचारलं, “जाकीट कोनाचं?”

“याईचं.”

“अन् सबद कोनाचा?”

“माहा.”

“मंग गावानं सबदाले मत देल्लं. म्हनजे सात बार तुले देल्लं.” पत्रूनं काठी दुसऱ्या हातात घेतली. “तूच आमचा आमदार. आता तूच सांग बाप्पा, काऊन नाई आला?”

शिवी दिली असती तर जलालुद्दीननं ती सुपारीसारखी चघळून टाकली असती. पण म्हातारा खरंच विचारत होता. उत्तराची वाट बघत होता. आणि ज्या माणसाला मुक्या बैलाची मुलाखत घेता आली असती, त्याला दोनच शब्द सापडले.

“लाज वाटे,” तो म्हणाला. दुसरं काही नव्हतंच.

भाऊ आता सावरले होते. चार वेळा विधानसभेत गेलेला माणूस. जमीन हलली तरी उभं कसं राहायचं ते त्यांना येत होतं. त्यांनी पत्रूच्या खांद्यावर हात ठेवला.

“पत्रूभाऊ, झालं ते झालं. माणसं चुकतात. पण माहं जाकीट तुमच्याकडे, तुमचं मत माह्याकडे, ठरलेलं हाये ना? मग ते राहू द्या ढोलीत. यावेळी निवडून आलो का पहिली सही पुलाच्या कागदावर.”

“त्याचंच बोलाचं होतं,” पत्रू चाचरत म्हणाला. “पोरगी उभी हाये आमची. गावाले वाटते आपल्या पोरीले मत द्याव. पन जाकीट गावात हाये. साहेब घेऊन गेले त गाव मोकळं होते.”

भाऊंचा हात खांद्यावरून खाली आला. “कोन उभं हाये?”

“मी,” प्रिया म्हणाली. “यादीत नवव्या नंबरावर.”

भाऊंनी जलालुद्दीनकडे पाहिलं. जलालुद्दीननं नदीकडे पाहिलं.

“पन जाकीट नेता येत नाई ना,” भाऊ घाईनं म्हणाले. “ठरलं काय होतं? पूल झाला का त्याच्यावरून चालत येऊन न्याचं. पूल कुठी झाला?”

मोठा मुद्दा काढला होता. असल्या मुद्द्यांवर भाऊंनी मोठमोठे मोर्चे घरी पाठवले होते. पण पत्रू त्यांच्याकडे अशा नजरेनं बघू लागला, जशी भोळ्या पाहुण्याकडे बघतात.

“पूल त दरसाल होते.”

“कुठी?”

“तुमी आले ना त्याच्यावरून?”

भाऊंनी वळून ओंडक्यांकडे पाहिलं. तेव्हा प्रियानं सांगितलं. “दिवाळी झाली का आजा साऱ्या गावाले कामाले लावते. आठ दिवस. घरटी एक मानूस, वीस बांबू. आखाडात वाहून जाते, दिवाळीत पुन्हा बांधतो. मी एवढीशी होती तवापासून बांबू वाहून राह्यली. विचारलं, येवढी घाई कायची? त म्हने, साहेबाईनं सांगतलं हाये, पुलावरून चालत येतीन. पूल नाई दिसला त परत जातीन.” तिनं नदीकडे हात केला. “यंदाचा धरून पस्तीस पूल झाले.”

जलालुद्दीनला आपण कशावरून चालत आलो ते आता दिसलं. हिरवे बांबू, बांधलेले दोर, दगडांचे ढीग. लफडं. त्यानं एका संध्याकाळी बोलता बोलता तीन पूल बांधले होते, आणि त्यातला एक खरा करायला या लोकांनी आयुष्य घातलं होतं.

त्यानं सोमारीच्या हातातून जाकीट घेण्यासाठी हात पुढे केला.

“जलाल,” भाऊ दात आवळून म्हणाले, “हात नको लावू. एकशे त्रेसष्ट मतं हायेत ते. माह्याकडे दुसरं काही नाई उरलं रे.”

हे शेवटचं त्यांनी इतक्या हळू म्हटलं, की फक्त जलालुद्दीनलाच ऐकू गेलं. चौतीस वर्षांची संगत होती. याच माणसानं सईदाच्या ऑपरेशनला स्वतः नागपूरला गाडी नेली होती. जलालुद्दीनचा हात अर्ध्यात थांबला.

“भाऊ, माफ करा,” तो म्हणाला. “तुमच्या नावानं मीच मागतले होते. मलेच वापस करा लागते.”

त्यानं जाकीट घेतलं आणि अंगात घातलं. तेव्हा बरोबर बसलं होतं. आता खांद्यावरून घसरत होतं. कडुनिंबाचा वास आला. पत्रूनं गोंडीत काहीतरी मोठ्यानं म्हटलं आणि गर्दीतून एक लांब श्वास सुटला, डोक्यावरचा भारा उतरवल्यासारखा. सोमारीनं जाकिटाच्या कॉलरवरचा पाला झटकला.

“खिसा कमी हाये, सा…” पत्रू अडखळला. “जलालभाऊ. त्याचं पाहून घेऊ आमी.”

“काही पाहू नका. राहू द्या.”

“असं कसं राहू द्याव?”

परतताना ढोल वाजला नाही, पण सगळं गाव काठापर्यंत आलं. पुलावरून तिघं पुढे-मागे चालले. अलीकडच्या टोकाला भाऊ फरशीवर पाय ठेवणार तोच जलालुद्दीननं त्यांचा दंड धरला.

“भाऊ, पाय बाजूले.”

“काऊन?”

“तुमचं नाव हाये.”

भाऊंनी बिरजूचा खांदा धरून, वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग फरशी सोडून बाजूच्या चिखलात पाय टाकला. घोट्यापर्यंत रुतला. तसेच जीपपर्यंत चालत गेले आणि सिंदेवाही येईपर्यंत पाय पुसला नाही.

निकालाच्या दिवशी भाऊ सईदा साउंड सर्व्हिसच्या पायरीवरच बसले होते. मोजणीच्या जागी बिरजू गेला होता. दुपारून त्याचा फोन आला. भाऊंचं डिपॉझिट गेलं होतं. प्रियाही पडली होती, चौथी आली. निवडून आलेल्याचं नाव बाजारात फटाक्यांनीच सांगितलं.

“अन् कुरमाटोला?” भाऊंनी विचारलं.

बिरजूनं केंद्रावरचा आकडा वाचला. प्रिया, एकशे बासष्ट. गुणवंतराव, एक.

भाऊंनी फोन खाली ठेवला. हळूहळू त्यांची पाठ सरळ झाली. चेहऱ्यावर काहीतरी जुनं उजळलं. “एक!” ते म्हणाले. “पाह्यलं का जलाल? साऱ्या गावानं सोडलं, पन एक मानूस अजून माह्यासाठी उभा हाये. कोन असन बे तो?”

जलालुद्दीनच्या जिभेवर गोष्ट येऊन बसली. चांगली होती. एक म्हातारी, आंधळी, नव्वदीची, पोरांच्या खांद्यावर बसून मत द्यायला आलेली. भाऊंना ती जन्मभर पुरली असती. आतल्या दारात सईदाबी तांदूळ निवडत होती. तिचा हात थांबला.

जलालुद्दीननं खुंटीवरच्या जाकिटाकडे पाहिलं.

“पत्रूभाऊ असन,” तो म्हणाला. “खिशाचं मत हाये ते.”

“म्हनजे?”

“खिसा उधळीनं खाल्ला ना. जाकीट पुरं वापस नाई झालं. जेवढं कमी पडलं तेवढं भरून देल्लं त्यानं.”

भाऊंची पाठ पुन्हा वाकली. बाजारात एक फटाक्यांची माळ लागून संपली.

“असा काय मोठा खिसा होता रे तो?” ते शेवटी म्हणाले.

जलालुद्दीन आठवू लागला. नव्वदची ती संध्याकाळ, गुडघाभर पाणी, डाव्या खिशात घातलेला हात. आणि सुपारीचा अडकित्ता खिशातून निसटून अस्तरात गेला होता, तो काढताना नदीच्या मधोमध थांबावं लागलं होतं. त्याच्या तोंडातली सुपारी तशीच राहिली.

“फाटका होता, भाऊ,” तो म्हणाला. “नवा होता तवाच खाली उसवला होता. मी त्याईले सांगतलंच नाई.”

मग जलालुद्दीन उठला, आत गेला, आणि सईदाबीला म्हणाला, “उद्या सकाळी कुरमाटोल्याले जातो.”

“जाकीट घालून?”

“नाई,” तो म्हणाला. “असाच.”